मदत हवी आहे: डब्यातल्या माशाचा रश्शात भुगा होतो

घाईगर्दी (धागाकर्ता): डब्यातला मासा वापरून आठवड्यातून तीनदा तरी पौष्टिक जेवण जमवायचंय. रस्सा केला की माशाचा भुगा, वर खारट. कटलेट तव्यावर फुटतात. कुठला डबा घ्यावा आणि करावं कसं? लवकर सांगा, दोन डबे उघडून ठेवलेत.

खारवी: मासा कुठला? तेलातला की मिठाच्या पाण्यातला? राहता कुठे? आणि "उघडून ठेवलेत" म्हणजे डब्यातच? आधी काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा.

घाईगर्दी: ट्यूना. ट्यूना म्हणजे ट्यूनाच ना! जर्मनीत आहे.

तारली_झिंदाबाद: ट्यूना सोडा, सार्डिन घ्या, आपल्या तारलीची तिकडची भावंडं. माशात साठणारा विषारी पारा यांत नगण्य, काटे चावून खाता येतील इतके मऊ. काट्यांसकट १०० ग्रॅमला साधारण ३८० मिग्रॅ कॅल्शियम. बिनकाट्याचा डबा घेतलात तर ते गेलं.

खारवी: त्यांनी ट्यूनाचं विचारलंय हो. ट्यूनातही जात बघा. स्किपजॅक लहान, त्यात पारा कमी. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासनाच्या) आकड्यांत डबाबंद आल्बाकोरमध्ये, म्हणजे ट्यूनाच्याच मोठ्या जातीत, त्याच्या जवळपास तिप्पट. आणि चुरा नको, अखंड तुकड्यांचा डबा घ्या.

भुगा का होतो? मासा डब्यातच दाबाखाली पूर्ण शिजलेला असतो, तुम्ही तो परत उकळता. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद यांचं वाटण परतून पाणी घाला, ४ आमसुलं आणि ५-६ तिरफळं ठेचून टाका, १० मिनिटं उकळा. मीठ नाही! आच बंद करून मासा अलगद सोडा, झाकण ठेवून ३ मिनिटं. डाव फिरवू नका, पातेलं हलवा. मीठ शेवटी, चव बघून.

कोलंबी६५: सुका जवळा घ्या. कोरडा भाजायचा, दोनदा धुवायचा, कांद्यावर परतायचा. दहा मिनिटांत जेवण.

खारवी: जवळा विचारलाय कुणी?

मापात_पाप: खारटपणाचं: तिकडच्या लेबलावर १०० ग्रॅममागे मीठ लिहिलेलं असतं, सोडियम नव्हे. सोडियम हवं तर २.५ ने भागा. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. मिठाच्या पाण्यातला मासा चाळणीत गार पाण्याखाली धुवा, बरंच मीठ निघून जातं. आणि हिशोब नितळलेल्या वजनावर करा, जर्मन लेबलावर त्याला आबट्रॉप्फगेविश्ट म्हणतात.

कटलेट फुटतात ते पाण्यामुळे. मासा मुठीत घट्ट पिळा. पिळलेल्या १५० ग्रॅमला एक मध्यम बटाटा, आदल्या दिवशी उकडलेला, आणि दोन चमचे भरडलेले पोहे. थापून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग रव्यात घोळवा. खालची बाजू तांबूस होईपर्यंत उलथनं लावू नका. निम्मे लोक इथेच घाई करतात.

तारली_झिंदाबाद: तेलातला डबा असेल तर तेल ओतू नका, ओमेगा-३ चा थोडा भाग त्यात उतरतो. फोडणी त्याचीच करा.

मापात_पाप: एका टेबलस्पूनला १२० कॅलरी. सूर्यफुलाचं असेल तर कशाला?

तारली_झिंदाबाद: वेगळं तेल घेऊच नका ना मग! ऑलिव्ह तेलातला डबा बघून आणायचा.

ओली_काजू: डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी फुटते. काय करावं?

खारवी: नवा धागा काढा. (दूध गरम करू नका.)

सांधेदुखी: यूरिक ॲसिड वाढलेलं असेल तर तारल्यांची एवढी भलामण नको. त्यांत प्युरीन भरपूर असतं, शरीरात त्याचंच यूरिक ॲसिड होतं.

घाईगर्दी: धन्यवाद. माझा डबा चुऱ्याचाच निघाला, त्याचे कटलेट करतो. अजून एक डबा आहे, न उघडलेला. झाकण किंचित वर आलंय, दाबलं की टक्क वाजतं. तो आधी संपवू का?

खारवी: उघडू नका, चाखू नका, तसाच फेका. बोट्युलिझमची (डब्यात वाढणाऱ्या जंतूंच्या जीवघेण्या विषबाधेची) शंका असली की वास घेऊन ठरवत नाहीत.

मापात_पाप: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं हो!