सौदी आपल्याविरुद्ध लढायला बांधील आहे का? कुटुंबाच्या ग्रुपवरील एक चर्चा

पुतण्या (पुणे) : सर्वांना नमस्कार. वसतिगृहातल्या मित्राने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा देत आहे. "पाकिस्तानवर हल्ला म्हणजे सौदी अरेबियावर हल्ला, असा करार झाला आहे. यापुढे भारताने ऑपरेशन सिंदूरसारखी कारवाई केली, तर आपली लढाऊ विमाने भारतावर सोडण्यास सौदी राजघराणे बांधील आहे. सर्वांना पाठवा." घरातल्या मोठ्यांचे यावर काय मत आहे, ते मला जाणून घ्यायचे आहे.

ताई : अरे, घरातले एक माणूस रियाधला आहे, हे तू विसरलास का? आज आमच्या वावरात कापसाच्या पहिल्या वेचणीची सीतादही, म्हणजे पूजा, होती, आणि बाया समोर उभ्या असताना फोन उघडला तर हे वाचायला मिळाले. त्यांना परत बोलवायचे की नाही, एवढेच मला कोणीतरी नीट सांगावे.

वहिनी (वर्धा) : ताई, काळजी करू नका, आणि मुलाचा कान मी दिवाळीची सुटी संपण्याआधीच धरायला हवा होता. करार झाला हे खरे आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी रियाध येथे युवराज मोहम्मद बिन सलमान आणि पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी त्यावर सह्या केल्या. परंतु कराराचे पूर्ण कलमवार मसुदापत्र प्रसिद्ध झालेले नाही. लोकांसमोर आले ते संयुक्त निवेदन, आणि त्यात या मुद्द्यावर एवढेच म्हटले आहे की, दोघांपैकी कोणत्याही एका देशाविरुद्धचे आक्रमण हे दोघांविरुद्धचे आक्रमण मानले जाईल. यातले "मानले जाईल" हे शब्द आणि फॉरवर्डमधला "विमाने सोडण्यास बांधील" हा शब्दप्रयोग यांच्यात जे अंतर आहे, त्यावर माझ्यासारख्या वकिलाचे घर चालते. आक्रमण झाले असे मानल्यानंतर काय करायचे, किती करायचे आणि कधी करायचे, हे त्या वाक्यात कुठेही नाही. शिवाय "आक्रमण" कशाला म्हणायचे, हेसुद्धा नाही. दहशतवादी तळावर टाकलेले क्षेपणास्त्र हे आक्रमण की प्रत्युत्तर, यावर दोन बाजूंचे दोन वकील वर्षभर युक्तिवाद करू शकतील.

पुतण्या (पुणे) : आई, पण नाटोचेही असेच वाक्य आहे ना? तिथे तर एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, आणि सर्वांना युद्धात उतरावेच लागते.

वहिनी (वर्धा) : नाही, उतरावेच लागत नाही. नाटो ही पाश्चात्य देशांची लष्करी संघटना ज्यातून उभी राहिली, त्या उत्तर अटलांटिक करारावर ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. त्याचे पाचवे कलम असे आहे की, एकावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला मानून प्रत्येक सदस्य "त्याला आवश्यक वाटेल ती" कारवाई करील, आणि त्या कारवाईत सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकेल. कोणाला आवश्यक वाटेल? ज्याने मदत करायची आहे त्याला, ज्याला मदत हवी आहे त्याला नव्हे. अमेरिकी काँग्रेसच्या हातातला युद्धाचा निर्णय परक्या देशाच्या हल्ल्याने आपोआप ठरू नये, म्हणून ही वाक्यरचना मुद्दाम तशी ठेवली गेली. आजवर हे कलम एकदाच लागू झाले, तेही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर खुद्द अमेरिकेसाठी.

मी : वहिनींचे म्हणणे मला गावच्या भाषेत मांडू द्या. आमच्या वडिलांनी एकदा शेजाऱ्याच्या कर्जाला एका पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली होती. शेजारी थकला तेव्हा नोटीस थेट आमच्या दारात आली. "तुम्हाला आवश्यक वाटते का" असे वडिलांना कोणी विचारले नाही. जामीनकीची सही म्हणजे बांधिलकी. याउलट आम्ही चार वावरवाले दरवर्षी रोही (नीलगाई) आणि रानडुकरांसाठी मिळून जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जाण्याचे ठरवतो. ठरलेले पक्के असते, तरी माझ्या वावरात कळप शिरला त्या रात्री कोणाच्या पोराला ताप असतो, कोणाच्या टॉर्चचा सेल संपलेला असतो, आणि कोणी धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून नुसते हाकारे घालतो. त्याने करार मोडला असे मला म्हणता येत नाही, कारण किती जोरात पळायचे हे आम्ही ठरवलेले नव्हते. देशांचे बहुतेक संरक्षण करार जामीनकीपेक्षा जागलीच्या जवळचे दिसतात.

मोठे काकाजी (आर्वी) : उदाहरण योग्य आहे, पण त्यात एक भर घालतो. जागल कोणत्या वावरापुरती ठरली आहे, हेही पाहावे लागते. नाल्यापलीकडचा तुकडा ठरावात नसेल, तर तिथे कळप शिरला म्हणून कोणी उठणार नाही.

यासाठी गोव्याकडे पाहा. पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९६१ मध्ये आपले सैन्य गोव्यात शिरले तेव्हा, पुतण्याच्या फॉरवर्डचे तर्कशास्त्र लावले असते, तर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी भारताशी युद्ध करायला हवे होते. पण नाटो कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक एवढ्यापुरते आखून ठेवले होते, आणि मांडवी नदी त्या क्षेत्रात येत नाही. पोर्तुगालकडे आणखी एक जुने कागदपत्र होते. इंग्लंडशी त्याची मैत्री १३७३ सालच्या करारापासूनची, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या मैत्रीकरारांपैकी एक. त्या मैत्रीच्या नावाने लिस्बनने लंडनकडे मदत मागितली. राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध शस्त्र उचलण्यास लंडनने नकार दिला. सुरक्षा परिषदेत पाश्चात्य देशांनी भारताविरुद्ध ठराव मांडला, सोव्हिएत संघाने तो नकाराधिकाराने पाडला, आणि १९ डिसेंबरला गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. जवळपास सहाशे वर्षांच्या मैत्रीतून पोर्तुगालच्या वाट्याला सुरक्षा परिषदेतली भाषणे आली, एक जहाज आले नाही.

दुसरे उदाहरण खुद्द पाकिस्तानचे आहे. १९५४ मध्ये तो सिएटो या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आग्नेय आशियाच्या संरक्षण करारात गेला आणि पुढच्या वर्षी पश्चिम आशियातल्या बगदाद करारात, ज्याचे नाव नंतर सेंटो झाले. अमेरिकी रणगाडे आणि विमाने त्याला याच मैत्रीतून मिळाली. तरी १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला, आणि ज्याचा सारा संसार अमेरिकी शस्त्रांवर उभा होता त्यालाच ती बंदी जास्त झोंबली. सिएटोवर सही करतानाच अमेरिकेने लिहून ठेवले होते की, आपली बांधिलकी फक्त साम्यवादी आक्रमणापुरती राहील. पाकिस्तानने भारताकडे पाहून सही केली आणि अमेरिकेने चीन-रशियाकडे पाहून. एकाच कागदावर दोघांनी दोन वेगवेगळे शत्रू वाचले.

धाकटे काकाजी (पुलगाव) : दादांचे वाचन दांडगे आहे, त्यावर मी काय बोलणार. पण दारूगोळा भांडारात नोकरी काढलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते, ती कागदावाल्यांना उशिरा दिसते. मित्र लढायला येतो की नाही, यापेक्षा तो पेट्या पाठवतो की नाही, हे आधी पाहावे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानसाठी कोणत्याही देशाचे सैन्य उतरले नाही. तरीही त्याच्याकडे चिनी बनावटीची लढाऊ विमाने आणि क्षेपणास्त्रे होती, तुर्कस्तानी ड्रोन होते, आणि चीन त्याला चालू लढाईत माहिती पुरवत होता, असे आपल्या उपलष्करप्रमुखांनी जुलैमध्ये जाहीरपणे सांगितले. यातले काहीही कोणत्याही "एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला" छाप कलमाखाली झाले नव्हते.

आपलेही तसेच आहे. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारात रशियाने आपल्यासाठी लढावे असे लिहिलेले नव्हते. नवव्या कलमात एवढेच होते की, दोघांपैकी एकावर हल्ला झाला किंवा तसा धोका निर्माण झाला, तर दोघे ताबडतोब विचारविनिमय करतील. मी भांडारात लागलो तेव्हा ७१ साली तिथे काम केलेले जुने लोक होते. ते या कराराचे नाव क्वचितच घेत. रशियन माल किती आला, एवढेच त्यांच्या बोलण्यात असे.

मोठे काकाजी (आर्वी) : धाकट्याचे बरोबर आहे, पण त्या विचारविनिमयाच्या कलमाला इतके हलके समजू नये. त्या डिसेंबरात युद्धबंदीचे ठराव सुरक्षा परिषदेत एकामागून एक आले, आणि मॉस्कोने ते अडवून धरले म्हणून आपल्याला ढाक्यापर्यंत पोहोचायला दिवस मिळाले. अमेरिकेचे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आले, तेव्हा सोव्हिएत नौदलाची जहाजेही त्या समुद्रात होती. गोळी कोणी झाडली नाही.

भाऊजी (रियाध) : सर्वांना नमस्कार. ड्युटी संपवून आत्ताच खोलीवर आलो आणि एवढे सगळे एकदम वाचले. येथे काहीही झालेले नाही. माझ्या शेजारच्या पलंगावर सियालकोटचा वेल्डर झोपतो आणि आमची भांडणे डाळीत मीठ किती यावरून होतात.

करार का झाला, हे येथून थोडे वेगळे दिसते. त्याच्या आठच दिवस आधी, ९ सप्टेंबरला, इस्रायलने कतारच्या राजधानीत हवाई हल्ला केला होता. कतारमध्ये अमेरिकेचा आखातातला सर्वांत मोठा लष्करी तळ आहे. ज्याच्या अंगणात अमेरिका स्वतः बसलेली आहे त्याच्यावर बॉम्ब पडू शकतो, तर आपले काय, असा प्रश्न आखातातल्या प्रत्येक राजवाड्याला पडला असणार. करार त्याआधीपासून शिजत असेलही, पण सही झाली तेव्हा रियाधच्या डोळ्यांसमोर दिल्ली होती असे मला वाटत नाही.

शिवाय परीक्षा लगेच झाली. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात ड्युरँड रेषेवर, म्हणजे त्यांच्या सीमेवर, मोठ्या चकमकी झाल्या, दोन्हीकडची माणसे गेली. त्या वेळी सौदी परराष्ट्र मंत्रालयाने काय केले? दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, असे निवेदन काढले. १९ तारखेचा युद्धविराम दोहामध्ये कतार आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने झाला.

पुतण्या (पुणे) : मी फॉरवर्ड पाठवायला नको होते, हे मान्य करतो. पण एक शंका राहते. करार इतके पोकळ असतील, तर देश ते करतात कशाला? आणि नाटोच्या सदस्यावर उघड आक्रमण करायला आजवर मोठे राष्ट्र सहसा धजावलेले नाही, ते याच वाक्यामुळे ना? मग सौदीचे वाक्यही उद्या दिल्लीला दोनदा विचार करायला लावेल, आणि पाकिस्तानला तेवढेच हवे असेल.

वहिनी (वर्धा) : हा प्रश्न फॉरवर्डपेक्षा पुष्कळ चांगला आहे. होय, संदिग्धता हा कराराचा दोष नसून बहुतेक वेळा त्याचा हेतू असतो. पण धाक बसायला कागदामागे काहीतरी उभे असावे लागते. नाटोच्या कागदामागे युरोपात वर्षानुवर्षे तैनात असलेले अमेरिकी सैन्य आहे. २०१२ मध्ये सीरियातून आलेल्या तोफगोळ्याने तुर्कस्तानच्या अकचाकाले गावात पाच नागरिक मेले, तेव्हा नाटोने पाचवे कलम काढले नाही; सल्लामसलतीचे चौथे कलम वापरले, आणि २०१३ च्या सुरुवातीला अमेरिका, जर्मनी व नेदरलँड्स यांच्या पेट्रियट क्षेपणास्त्रांच्या तुकड्या तुर्कस्तानात आणून उभ्या केल्या. युद्ध टळले, आणि मित्राने पाठ फिरवली असेही झाले नाही.

उलट उदाहरण आर्मेनियाचे. रशियाच्या नेतृत्वाखालच्या सुरक्षा करार संघटनेचा तो सदस्य. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानने त्याच्या हद्दीत हल्ले केले, आर्मेनियाने कराराचे चौथे कलम दाखवून मदत मागितली, आणि संघटनेने पाहणी पथक पाठवले. सीमा अजून आखलेलीच नाही, मग ती ओलांडली असे कसे म्हणायचे, हा बचाव पुढे आला. धुऱ्याची मोजणी झालेली नसली की अतिक्रमणाचा दावा कसा लटकतो, हे मी तालुका न्यायालयात दर आठवड्याला पाहते. त्याच संघटनेचे रशियन सैनिक त्याच वर्षी जानेवारीत कझाकस्तानात मात्र काही दिवसांत पोहोचले होते, कारण तिथले सरकार टिकणे मॉस्कोला स्वतःला हवे होते. आर्मेनियाने २०२४ मध्ये संघटनेतला आपला सहभाग गोठवला.

भाऊजी (रियाध) : पाकिस्ताननेही सौदीला असेच केले होते. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धात सौदीने जहाजे, विमाने आणि सैनिक मागितले, आणि पाकिस्तानच्या संसदेने तटस्थ राहण्याचा ठराव एकमताने केला. येथील लोक ते विसरलेले नाहीत.

मी : आता डीएपी खताचे बोलतो, कारण या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांच्या घरी रब्बीचा हरभरा पेरायचा आहे. आपल्या देशात येणाऱ्या डीएपीचा मोठा वाटा सौदीचा असतो. जुलै २०२५ मध्येच तिथल्या खाण कंपनीने भारतीय कंपन्यांशी दरवर्षी ३१ लाख टन खत पाच वर्षे देण्याचे करार केले. १३५० रुपयांच्या ज्या पोत्यासाठी आपण रांगेत उभे राहतो, त्याचा कच्चा हिशेब रियाधमध्येही कोणीतरी मांडत असेल. गिऱ्हाइकावर बॉम्ब टाकायला कोणी उत्सुक नसतो. अर्थात उद्या आखात पेटले तर हेच पोते मिळणार नाही, ती काळजी मला विमानांपेक्षा जास्त वाटते.

ताई : म्हणजे त्यांना परत बोलवायचे नाही, असे मी समजते.

भाऊजी (रियाध) : डिसेंबरचे तिकीट आधीच काढले आहे. वेचणी तोवर उरकू नका.

मोठे काकाजी (आर्वी) : आता पुतण्याला एक काम देतो. आपण इतरांचे करार तपासले, आता आपला तपास. भारताचा भूतानशी २००७ सालचा मैत्री करार आहे. भूतानवर कोणी चालून आले तर भारत लढायला बांधील आहे का, हे त्या करारातून शोधून सांगावे.

पुतण्या (पुणे) : आबाजी, दुसरे कलम दोनदा वाचले. दोन्ही देश आपल्या राष्ट्रीय हितांच्या बाबतीत एकमेकांशी जवळून सहकार्य करतील, आणि आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या सुरक्षेला घातक ठरेल अशा कामांसाठी होऊ देणार नाहीत, एवढेच तिथे आहे. हल्ल्याचा शब्द नाही, सैन्य पाठवण्याचा नाही, "दोघांवर हल्ला मानला जाईल" असेही नाही. तरीसुद्धा जून २०१७ मध्ये चीन डोकलामवर, म्हणजे भूतान आणि चीन दोघेही दावा सांगतात त्या पठारावर, रस्ता बांधू लागला, तेव्हा आपले जवान पुढे गेले आणि ७३ दिवस समोरासमोर उभे राहिले.

धाकटे काकाजी (पुलगाव) : कारण तो रस्ता पुढच्या डोंगरकड्यापर्यंत गेला असता, तर खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी चीनच्या नजरेच्या टप्प्यात आली असती. ती पट्टी सर्वांत अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटरचीच आहे, आणि ईशान्येकडच्या राज्यांकडे जाणारी आपली जमिनीवरची वाट तेवढीच आहे.

पुतण्या (पुणे) : मग आपण भूतानसाठी गेलो की सिलिगुडीसाठी?

मोठे काकाजी (आर्वी) : दोन्हींसाठी, म्हणूनच गेलो. भूताननेही त्या रस्त्याला आपल्या आधीच्या समझोत्यांचा भंग म्हणून जाहीर विरोध केला होता, हे विसरू नको. सौदीची विमाने उडतील की नाही हे पाहायचे असेल, तर रियाधचे सिलिगुडी कुठे आहे ते नकाशात शोध. मला तरी ते लाहोरच्या आसपास सापडत नाही.

भाऊजी (रियाध) : ते येमेनच्या सीमेवर आहे, काकाजी.