खात्यांचे मेमो एकाच जागी का नसावेत?

कागदकिडा
अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांना ऑक्टोबर २०१७ आठवत असेल. इमिग्रेशन खात्याने एक मेमो काढून २००४ची सूचना मोडीत काढली. जुनी सूचना सांगायची, मालक तोच आणि काम तेच असेल तर मुदतवाढीच्या वेळी आधीची मंजुरी सहसा मानायची. नवा मेमो म्हणाला, तसं काही बंधन नाही, प्रत्येक अर्ज नव्याने तपासा. एप्रिल २०२१मध्ये गाडी पुन्हा जुन्या रुळावर. या सगळ्यात कायद्याचा काना-मात्रा बदलला नव्हता!

म्हणजे माणसाचं नशीब ठरवणारा कागद कायदा नाही, नियमही नाही, नुसती मार्गदर्शक सूचना. १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार नियम करायचा तर आधी मसुदा छापून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, पण अशा सूचनांना त्यातून सूट आहे. निदान त्या सापडाव्यात तरी. प्रत्येक खात्याचं एकच पान, त्यावर सगळ्या सूचना, तारखेसकट. आणि रद्द झालेल्याही. वाद बहुतेक वेळा तीन वर्षांपूर्वी काय लागू होतं यावरच होतो.

उंटावरचा
हा प्रयोग होऊन गेलाय. ऑक्टोबर २०१९चा ट्रम्प यांचा आदेश, क्रमांक १३८९१. प्रत्येक खात्याने शोधता येईल असं एक पोर्टल करायचं. इथवर ठीक. पण त्यात मेख अशी की जी सूचना पोर्टलवर नाही ती रद्द समजायची. दशकानुदशकांचे मेमो उपसताना एखादा राहिला तर त्याच्यावर विसंबलेल्याने काय करायचं? २० जानेवारी २०२१ला, म्हणजे पहिल्याच दिवशी, बायडेन यांनी तो आदेश मागे घेतला. पारदर्शकतेच्या नावाखाली खात्यांचे हात बांधायचा खेळ होता तो. त्याचा फायदा वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपन्यांना, तुम्हाआम्हाला नाही.

कागदकिडा
ढेकूण झाले म्हणून बाज कोणी जाळत नाही. मेख काढून टाका, पान ठेवा. याच विषयावर 'गायडन्स आउट ऑफ डार्कनेस' नावाचं विधेयक अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, अनेकदा मांडलं गेलंय. रद्द झालेला कागदही 'रद्द' अशी नोंद करून तिथेच ठेवायचा, असं त्यात आहे. आणि कंपन्यांकडे फौज आहे म्हणूनच तर! त्यांना आजही सगळं सापडतं. सापडत नाही ते एकट्याने अर्ज भरणाऱ्याला.

तळटीप
दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालंय. १९६६चा माहिती स्वातंत्र्य कायदा हेच सांगतो. धोरणविषयक निवेदनं आणि कायद्याचे लावलेले अर्थ लोकांना पाहायला खुले हवेत. त्याहून भारी म्हणजे, जे खुलं केलं नाही आणि ज्याची तुम्हाला वेळेत कल्पना दिली नाही, ते खात्याला तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. १९९६च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक रूपही आलं. कायदा आहे, फक्त 'खुलं' म्हणजे 'सापडेल असं' हे त्यात लिहायचं राहिलं.

उंटावरचा
सापडून तरी काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचना बघा. चाळण्या लावून शोधता येतं, मसुदा कुठला नि अंतिम कुठली ते कळतं, वर 'बंधनकारक नाही' अशी ओळही असते. ती ओळ वाचून कुठली औषध कंपनी बिनधास्त झाली? सूचना चकचकीत पानावर मांडली की ती आणखीच नियमासारखी वाटते. खरा उपाय म्हणजे महत्त्वाची गोष्ट रीतसर नियमात आणणं. तुमची ती एच-१बीची सूचना शेवटी जानेवारी २०२५पासून नियमातच आली ना?

कागदकिडा
आली. पण कधी? मधली सात वर्षं लोक मेमोवरच जगले. सगळंच नियमात आणायचं म्हटलं तर खाती सूचना देणंच सोडतील, मग खिडकीवरचा माणूस सांगेल तो कायदा. (नियम करायला वर्षं लागतात हा मुद्दा एरवी तुम्हीच मांडता.)

पाटीपेन्सिल
मी करसल्ला देते. आमच्याकडचं दुखणं वेगळंच, मेमो राहू द्या, प्रश्नोत्तरांची पानं. कोविडच्या काळात आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, सवलतींचे खुलासे अशाच पानांवर दिले आणि पान बदललं की आधीचा मजकूर गायब. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी ठरवलं, महत्त्वाच्या प्रश्नोत्तरांची प्रत्येक आवृत्ती तारीख घालून जपायची. त्यावर प्रामाणिकपणे विसंबलेल्याला दंडातून वाचायला आधारही मिळतो. कर मात्र कायद्याप्रमाणेच भरायचा, तो चुकत नाही. तोवर मी पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, अजूनही सवय जात नाही.

उंटावरचा
तारखेसकट जुनी आवृत्ती, हे मान्य. पोर्टलवर नाही तर रद्द, हे अजिबात नाही.

कागदकिडा
मग भांडण संपलंच की. आता सांगा, २००४चा तो मेमो मूळ रूपात कुठे मिळेल? मी काल तासभर शोधला, मिळाला तो एका वकिलाच्या ब्लॉगवर.

पाटीपेन्सिल
माझ्याकडे प्रिंट आहे. स्कॅन करून टाकते.