गवती चहा-लिंबाचे थंड पेय: मद्यासह आणि मद्याविना, एकाच पाकातून कसे करावे?

विश्रामबागकर (सांगली)
नमस्कार. मे महिन्यात बहिणीच्या साखरपुड्यानंतर संध्याकाळी गच्चीवर घरच्याच २५ माणसांचे जेवण ठरले आहे. सांगलीचा उन्हाळा आपण सर्व जाणता, त्यामुळे जेवणाआधी काहीतरी थंडगार द्यावे असा विचार आहे. मात्र बाटलीतले तयार सरबत नको. परसात गवती चहा माजलेला आहे, तुळस आहे, पुदिना आणि कागदी लिंबे मंडईतून आणता येतील. अडचण एवढीच की काका, आत्या आणि इतर वडीलधारी मंडळी मद्याला स्पर्श करणार नाहीत, आणि चुलतभावांना जिन किंवा रम घातलेले कॉकटेल हवे आहे. दोन वेगळी पेये करण्याइतकी उसंत मिळणार नाही. साखरेऐवजी आपल्याकडचा गूळ चालेल का, लिंबासोबत मोसंबीचा रस घालावा का, आणि आजीच्या पितळी घंगाळातून पेय वाढले तर चालेल का, हेही कृपया सांगावे.

कृष्णाकाठ (वाई)
एकच पाक करणे सहज शक्य आहे, फक्त तो पूर्णपणे मद्यविरहित ठेवावा आणि मद्य ज्याच्या त्याच्या पेल्यात शेवटी घालावे.

गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या घटकामुळे, आणि हाच घटक लिंबाच्या सालीतही असल्याने या दोहोंची जोडी मुळातच जमते. सुमारे दहा लिंबांची फक्त हिरवी साल बारीक किसून एक किलो साखरेत चोळावी आणि तासभर झाकून ठेवावी. साखर सालीतले तेल ओढून घेते. किसणी सालीखालच्या पांढऱ्या भागापर्यंत पोहोचली की कडवटपणा आलाच, म्हणून हात हलका ठेवावा. एक लिटर पाणी उकळून गॅस बंद केल्यावरच त्यात कातरलेला गवती चहा आणि आल्याचा लहानसा ठेचलेला तुकडा घालून दहा मिनिटे घट्ट झाकावे, कारण उघड्या पातेल्यात खळाखळा उकळत ठेवल्यास सगळा सुगंध स्वयंपाकघरातच दरवळून संपतो. गाळलेल्या गरम पाण्यात ती साखर विरघळवून, पुन्हा गाळून, फ्रिजमध्ये ठेवावी. साधारण १.६ लिटर पाक होतो. पेल्याला ३० मिलि धरला तर पन्नासेक पेले, म्हणजे प्रत्येकाला दोनदा.

लिंबाचा रस पेल्याला २० मिलि लागेल. त्यासाठी ५५ ते ६० रसदार लिंबे घ्यावीत, कापण्यापूर्वी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवावीत, आणि रस त्याच दिवशी दुपारनंतर काढावा. आदल्या रात्री काढलेल्या रसाची चव उतरते. वर थंड सोडा १०० ते १२० मिलि आणि चिमूटभर सैंधव. मिठाने कडवटपणा दबतो.

चारभिंती (सातारा)
वरील कृतीशी मी सहमत आहे, परंतु गुळाबाबत स्पष्टपणे नकार देतो. सांगलीच्या गुळाचा अभिमान मलाही आहे, पण त्याचा स्वतःचा स्वाद इतका भरदार असतो की गवती चहाचा नाजूक वास त्याखाली हरवतो आणि पेयाचा रंगही मळकट दिसतो. गूळ पन्ह्यासाठी राखावा.

मोसंबीचा रस घालूच नये असे नाही, मात्र तो काढून ठेवू नये. ठेवलेल्या मोसंबीच्या रसात लिमोनिन तयार होऊन तो हळूहळू कडू होतो, म्हणून २५ जणांच्या पंगतीत त्याच्या वाटेला न गेलेले बरे. पुदिना मिक्सरमधून मुळीच काढू नये; पाने तळहातावर ठेवून एक टाळी द्यावी आणि तशीच पेल्यात टाकावीत. तुळशीची दोन-तीन पानेच पुरेत, कारण तिचा लवंगेसारखा तिखट वास चटकन वरचढ होतो.

मिरजेची सुगरण
घंगाळाचा बेत मात्र रद्द करा, ताई. लिंबाचे आम्ल उघड्या पितळेवर चढते, धातू पेयात उतरतो आणि चवही बिघडते. कल्हई ताजी असली तरी मी आंबट पदार्थ त्यात तासन्‌तास ठेवणार नाही. स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्या. घंगाळाची हौस असेलच तर त्यात बर्फ भरून काचेचे भांडे मधोमध ठेवा, शोभाही राहील आणि पेयही गार.

कृष्णाकाठ (वाई)
मद्याचे राहिले होते. जिनचा मुख्य स्वाद जुनिपरच्या फळांचा असतो आणि तो गवती चहाशी चांगला जुळतो. पांढरी रम घेतल्यास पेय क्यूबाच्या मोहितोच्या जवळ जाते, कारण त्यातही रम, लिंबू, पुदिना, साखर आणि सोडाच असतो. त्या पेल्यात तुळस नको. एका पेल्याला ३० मिलि पुरे, आणि तेवढाच सोडा कमी करावा. मद्याचे पेले वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या मेजावर ठेवावेत, कारण रंगावरून दोन्ही पेये ओळखू येणार नाहीत आणि आत्याबाईंच्या हाती चुकीचा पेला गेला तर साखरपुड्याची चर्चा भलत्याच कारणाने होईल. महाराष्ट्रात जिन-रमसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, तेव्हा कॉलेजातल्या भावंडांना बिनमद्याच्या मेजावरच बसवा. गाडी चालवून परतणाऱ्यांनाही तेच.

विश्रामबागकर (सांगली)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गूळ, मोसंबी आणि घंगाळ तिन्ही बाद. एकच शंका उरली: गच्चीवरच्या उकाड्यात बर्फ लगेच वितळून पेय पांचट होईल, त्याला काय करावे?

चारभिंती (सातारा)
गवती चहाचे साधे, बिनसाखरेचे पाणी गार करून त्याचाच बर्फ आदल्या दिवशी लावावा, म्हणजे तो वितळला तरी सुगंध टिकून राहतो. खडे मोठे असावेत, कारण चुरा फार लवकर विरघळतो. पाक, रस आणि सोडा हे तिन्ही आधीच थंड असू द्यावेत. गार सोड्यात वायू अधिक टिकतो. तो प्रत्येक पेल्यात अगदी शेवटी, कडेने ओतावा आणि चमचा एकदाच तळापासून वर फिरवावा.