एमबीए मार्केटिंगचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

कापूसकोंड्या
पुतणीचा सीईटीचा निकाल लागला. प्रवेशाच्या कॅप राउंडसाठी कॉलेजांची यादी करून राहिलो. ती म्हणे, "काका, मार्केटिंग घेऊ का फायनान्स?" अन् मला पहिलं सेमिस्टर आठवलं. दारव्ह्याकडचा मी, नागपुरात एमबीएला. सरांनी मॅकार्थीचे १९६० चे फोर पी फळ्यावर लिहिले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. म्हणाले, विकणारा हे चारही ठरवतो. मी हात वर केला. आमची कापसाची गाडी जिनिंगवर (सरकी काढायच्या कारखान्यावर) गेली की भाव समोरचा सांगतो, मग आम्ही विकणारे कसे? सरांनी प्रश्न टाळला नाही. उरलेला तास कमोडिटी (सगळ्यांचा सारखाच, बिननावाचा माल) आणि ब्रँड यांवरच घेतला. त्या तासावर माझी आजची नोकरी उभी आहे. लिहा तुम्हीपण, पोरीला वाचायला देतो.

पांढरं_सोनं
भाव अन् ओलावा, दोन्ही जिनिंगवालाच सांगते. हमीभाव ८ टक्के ओलाव्याला, १२ च्या वर गेला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) घेतच नाही. बाकी मी बीएस्सी ॲग्री, वाचून राहिलो फक्त.

बांधावरची
समर इंटर्नशिप!! बियाण्याची कंपनी, पेरणीचे दिवस. कृषी सेवा केंद्रात दिवसभर बसायचे. कास्तकार पाकिटावरचं काही वाचत नाही. विचारतो, "मांगच्या साली शेजारच्या वावरात कोणतं होतं?" नाहीतर दुकानदार हात करेल ते पाकीट. गाइड मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "छान, पण शेजाऱ्याच्या शब्दावर किती गेले आणि दुकानदाराच्या किती, ते मोजून आण." परत गेले, वही घेऊन. संशोधन म्हणजे काय ते तिथं कळलं. पोरीला सांगा, इंटर्नशिप एसी ऑफिसात घेऊ नको.

आर्वीकर
कोटलरचं मार्केटिंगचं पुस्तक आहे का कोणाकडे? भाच्याला पाहिजे, जुनं चालेल.

बांधावरची
@आर्वीकर फार जुनं नका घेऊ भाऊ. १९६७ पासून आवृत्त्या निघतात, डिजिटलचा भाग नव्यातच आहे. लायब्ररीत पाहा.

संत्राबाग
वरुडकडची. नागपुरी संत्र्याला २०१४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणून ब्रँडिंगच्या असाइनमेंटला मी संत्रंच घेतलं. खोका, नाव, लेबल, सगळं केलं. मग बाबांसोबत हिशेब मांडला: तोडाई, प्रतवारी, वॅक्सिंग, खोका, भाडं. मोठ्या फळाला परवडते. पण झाडावर चिल्लर (बारीक) माल पण असतो, तो कोण घेईल? व्यापारी बगीचा ठोक घेतो तेव्हा त्याच्यात चिल्लरही जाते, म्हणून बाबा ठोकच देतात. हे पुस्तकात नव्हतं, पण प्रश्न कसा मांडायचा ते कॉलेजनंच शिकवलं. पोरीला मार्केटिंगच घेऊ द्या.

पांढरं_सोनं
बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून तर चिल्लरचे लयच हाल. ताई, आंबिया बहाराची फळगळ कशी आहे तिकडं?

संत्राबाग
आहे दादा, झाडाखाली सडा पडते. फवारणी झाली, आता पाऊस उघडला पाहिजे.

कापूसकोंड्या
इकडं तर थेंब नाही बाप्पा. लिहा अजून, यादी उद्या भरायची आहे.