धीर, सबुरी, सहनशीलता: मिशनऱ्याच्या अंगी नक्की काय आलं?

कोरांटी: नगरच्या एका चर्चच्या स्मरणिकेसाठी गॉर्डन हॉल या मिशनऱ्यावरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. १८१३च्या फेब्रुवारीत हॉल आणि सॅम्युएल नॉट अमेरिकेहून मुंबईत पोचले. कंपनी सरकारने कलकत्त्यात थारा दिला नव्हता, इथेही चालते व्हा असाच हुकूम. गव्हर्नर नेपियनकडे अर्जविनंत्या चालू आणि जोडीला मराठीची मुळाक्षरं. राहू देण्याचं ठरेपर्यंत वर्ष सरत आलं. या काळात हॉल 'पेशन्स' आणि 'ह्युमिलिटी' शिकला, असं लेखात आहे. मी 'धीर आणि नम्रता शिकला' लिहिलं. संपादक म्हणतात, धीर म्हणजे हिंमत. 'विचारायचा धीर होईना' यात पेशन्स कुठाय?

शेंदाडशिपाई: मग 'जरा धीर धर' यात काय हिंमत आहे? अर्थ क्रियापद ठरवतं. धीर होतो, सुटतो, खचतो, देतात, धरतात. शिकत मात्र कोणी नाही. नम्रताही अंगी येते. तुमचं गाडं 'शिकला'पाशी अडलंय.

खाडीपलीकडचा: वाचक चर्चचे, तेव्हा बायबलमधले शब्द घ्या. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळात 'सहनशीलता' आहे, 'सौम्यता' आहे. रोमकरांच्या पत्रात मात्र संकटाने 'धीर' येतो. हद्दपारीचा हुकूम डोक्यावर असताना टिकून राहणं हा धीर. चुकीचं मराठी बोलल्यावर लोक हसले तर ती सहनशीलता. ह्युमिलिटीला लीनता.

गीर्वाण: लीन म्हणजे मिसळून गेलेला. गीतेच्या तेराव्या अध्यायात एकाच श्लोकात 'अमानित्व' आणि 'क्षान्ती' आहेत. घरात सोनं असताना उसनवारी कशाला?

शेंदाडशिपाई: 'हॉलच्या ठायी अमानित्व आले' हे वाचून स्मरणिकेत कोणी वड्यासुद्धा बांधणार नाही. सरळ सबुरी म्हणा.

गीर्वाण: अरबी 'सब्र'.

चिंचेचं_बोटुक: सबुरीवरून आठवलं. माझी मावशी सिस्टर आहे, टांझानियात होती. स्वाहिलीत सबुरीला 'सुबिरा' म्हणतात, तेही अरबीतूनच. तिकडे अनेक अंडी 'मायाई' आणि एक अंडं 'याई'. मावशी बाजारात 'मायाई मोजा' म्हणाली (मोजा म्हणजे एक). अंडीवाल्या पोरीने पाटी खाली ठेवली, मावशीकडून 'याई मोजा' घोकून घेतलं आणि मगच अंडं हातावर ठेवलं. मावशी इकडे शाळेत हेडबाई होती हो! तिकडे गेल्यागेल्या सगळं आपणच शिकवायचं असं धरून चालली होती. पुढे रोज त्याच पोरीकडे जायची, व्याकरणासाठी.

कोरांटी: छान आहे हे. पण हॉलला कोण शिकवणार? तेव्हा कोश तरी होता का?

खाडीपलीकडचा: मोल्सवर्थ १८३१चा, तो नव्हता. पण मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५चं आणि कोश १८१०चा, दोन्ही श्रीरामपूरचे. बंगालमधलं श्रीरामपूर, ऊसवालं नव्हे. कोश छापलाय मोडीत. म्हणजे बिचाऱ्याला शब्द शोधायचा तरी आधी मोडी गिरवा.

आणि नम्रतेला आमची आजी 'गरिबी' म्हणायची. 'गरीब स्वभावाचा' म्हणतोच की आपण. अरबीत 'गरीब'चा मूळ अर्थ परका, परमुलखातला. मुंबईत उतरलेला हॉल दोन्ही अर्थांनी गरीब.

गीर्वाण: पुन्हा अरबी! आणि 'गरीब' दीर्घ तर 'गरिबी' ऱ्हस्व का, हे कोणी सांगेल?

शेंदाडशिपाई: गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम नाही, म्हणून 'धीराने' दीर्घच राहतं.

गीर्वाण: म्हणजे संस्कृत शब्दाला धक्का लागत नाही. हेच तर मी सांगतोय.

चिंचेचं_बोटुक: धक्का लागत नाही तो वापरात नसतो म्हणून.

गीर्वाण: 'धीर' वापरात नाही?

कोरांटी: अहो, शनिवारी मजकूर छापायला जातोय. 'सहनशीलता' ठेवू की 'सबुरी'?

गीर्वाण: 'मजकूर'सुद्धा अरबी.