एकत्र काय शिकवता येते
वेगवेगळ्या वयांच्या मुलांना घरी एकाच वेळी शिकवता येते का, या आपल्या प्रश्नाचे माझ्या अनुभवातून उत्तर असे, की विज्ञान आणि वाचन एकत्र होते, गणित मात्र होत नाही. आम्ही बी रुजत घातले तेव्हा 4 वर्षांच्या धाकटीने रोज कोंबाचे चित्र काढले, 8 वर्षांच्या मुलाने त्याची उंची मोजून लिहून ठेवली आणि 12 वर्षांच्या थोरलीने त्याच नोंदींवरून आलेख काढला. गणितात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. वजाबाकी पक्की होण्याआधी मुलाला भागाकाराकडे नेण्याची घाई मी केली, याची मला अजून खंत वाटते. आता थोरली स्वतः वाचत असते तेव्हा मी फक्त मुलाजवळ बसते. धाकटीला त्या वेळी कशात गुंतवावे, हे मात्र रोज नव्याने ठरवावे लागते.