मिंटवर मराठी मजकूर दर ॲपमध्ये वेगळा दिसतो: फॉन्ट, शिरोरेषा आणि रंगीत कडा

दांडियाबाजारकर:
बडोद्यातल्या मंडळाच्या कार्यालयाचं मशीन आहे. लिनक्स मिंट, सिनामन डेस्कटॉप, एक्स-११ (पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा). १५.६ इंची लॅपटॉप (१३६६ × ७६८) आणि एचडीएमआयवर २४ इंची मॉनिटर (१९२० × १०८०). पत्रकं, पावत्या, कार्यक्रमपत्रिका, सगळ्यांत मराठी, गुजराती, इंग्रजी एकाच पानावर.

फायरफॉक्समध्ये मराठी बारीक दिसतं, लिब्रेऑफिस रायटरमध्ये जाड, टेक्स्ट एडिटरमध्ये तिसऱ्याच फॉन्टात, आणि तिथे ल, श हिंदी वळणाचे. काही ॲपमध्ये अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक. जोडाक्षर आलं की शिरोरेषा शेजारच्या अक्षराशी जुळत नाही. फॉन्ट्स-इंडिक पॅकेज टाकलेलं आहे, एफसी-कॅश (फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड) चालवून झालं. सुरुवात कुठून करावी?

सुरसागर_काठ:
हे दोन वेगळे आजार आहेत, आधी ते सुटे करा. एक, दर ॲप वेगळा फॉन्ट निवडतंय. दोन, तोच फॉन्ट दर ॲप वेगळ्या पद्धतीने रंगवतंय. निवड चुकलेली असताना हिंटिंगशी (अक्षराच्या रेषा पिक्सेलवर नीट बसवण्याशी) खेळत बसलात तर काहीच हाती लागत नाही.

निवड तपासायला टर्मिनलमध्ये (कमांड रोमन अक्षरांत, सगळी अक्षरं स्मॉल) एफसी-मॅच -एस "सॅन्स-सेरिफ:लँग=एमआर" द्या. वरचं पहिलं देवनागरी नाव म्हणजे सिस्टमची पसंती. मग एमआरच्या (मराठीचा कोड) जागी एचआय (हिंदीचा) घालून बघा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर एडिटरमधला तिसरा फॉन्ट बहुधा तिथूनच आलेला. फॉन्ट्स-इंडिक हे नुसतं गाठोडं आहे. त्यातून लोहित, गार्गी, नकुल, सहदेव असे बरेच देवनागरी फॉन्ट एकदम उतरतात आणि तुम्ही क्रम सांगितला नाही तर फॉन्टकॉन्फिग (लिनक्समधली फॉन्ट निवडणारी यंत्रणा) स्वतःच्या नियमाने एक उचलतं.

क्रम सांगायची जागा: होममधल्या .कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग फोल्डरातली फॉन्ट्स.कॉन्फ. त्यात सॅन्स-सेरिफसाठी एक एलियस (त्या नावाला कुठले फॉन्ट द्यायचे हा नियम) लिहा आणि त्यातल्या प्रीफरमध्ये, म्हणजे पसंतीच्या यादीत, आधी इंग्रजी फॉन्ट (नोटो सॅन्स), मग मुक्ता, मग मुक्ता वाणी. हा क्रम उलटा करू नका. मुक्ताच्या पोटात रोमन अक्षरंही आहेत, ती पहिली आली तर सगळं इंग्रजीही मुक्तात दिसू लागेल. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेली ही मुक्ता मंडळी तुमच्या कामाला अगदी योग्य: मुक्ता देवनागरीसाठी, मुक्ता वाणी गुजरातीसाठी, दोन्हींचं वजन जुळतं. तुमची फाइल ५० क्रमांकावर वाचली जाते, सिस्टमच्या ६० आणि ६५च्या यादीआधी, म्हणून तुमची पसंती वरच राहते.

फाइल जतन केली की लगेच पुन्हा एफसी-मॅच द्या. एक्सएमएलमध्ये एक टॅग जरी उघडा राहिला तरी तिथेच 'फॉन्टकॉन्फिग एरर' दिसते. मग लॉगआउट करून परत या, कारण चालू ॲप जुनेच नियम धरून बसतात.

आणखी एक: एकच फॉन्ट व्हेरिएबल (सगळी वजनं एकाच फाइलीत) आणि सुटा (दर वजनाची वेगळी फाइल) अशा दोन्ही रूपांत पडलेला असेल तर बोल्डचं वजन ॲपगणिक बदलतं. एफसी-लिस्टमध्ये फाइलींचे मार्ग पाहा आणि एकच ठेवा.

रावपुरा_टंक:
वरचं केल्यावरही फायरफॉक्स आणि रायटर स्वतःची यादी चालवतात. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्ट्स, ॲडव्हान्स्ड, वरच्या यादीत 'देवनागरी' निवडा आणि तिथे वेगळा फॉन्ट द्या. 'लॅटिन'मध्ये दिलेला देवनागरीला लागत नाही.

रायटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, म्हणजे आपल्यासारख्या जोडाक्षरांच्या लिपींची सोय) चालू करून मराठी निवडा, मगच 'बेसिक फॉन्ट्स सीटीएल' हे पान दिसतं. बडोद्यात इथेच सगळे अडकतात: मराठी आणि गुजराती दोन्ही सीटीएलच्या एकाच खणात बसतात. तिथे मुक्ता दिलात की गुजरातीला ती अक्षरं सापडत नाहीत आणि रायटर पर्यायी फॉन्ट आणतो. सोपा उपाय, गुजरातीसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करा, तिचा सीटीएल फॉन्ट मुक्ता वाणी आणि भाषा गुजराती.

एडिटरमधल्या ल आणि श बद्दल: जीटीके या साधनसंचावर बांधलेली ॲप मजकूर मांडायला पॅंगो वापरतात आणि पॅंगो देवनागरी दिसली की भाषा हिंदी धरतं. होममधल्या .प्रोफाइल फाइलीत एक्सपोर्ट पॅंगो_लँग्वेज=एन:एमआर लिहा (पॅंगो_लँग्वेज हे नाव कॅपिटल अक्षरांत). फॉन्टात मराठी रूपं असतील तर ती यायला लागतील.

दांडियाबाजारकर:
निवड जुळली, ल-श मराठी झाले. रायटर मात्र ऐकत नाही, तो फ्लॅटपॅकमधला (सिस्टमपासून वेगळ्या बंदिस्त डब्यात चालणाऱ्या पॅकेजमधला) आहे. आणि झाक, शिरोरेषा अजून तशीच.

सुरसागर_काठ:
फ्लॅटपॅकला तुमचे फॉन्ट दिसतात, नियमांची फाइल दिसत नाही. फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युजर --फाइलसिस्टम=एक्सडीजी-कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग:आरओ द्या आणि रायटर बंद करून पुन्हा उघडा.

मांडवी_पिक्सेल:
लाल-निळी झाक म्हणजे सबपिक्सेल, अर्थात आरजीबी: एका पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळे वापरून अक्षर काढणं. जीटीके-४ची ॲप ते करतच नाहीत, ती फक्त करड्या छटा वापरतात. जुनी ॲप करतात. म्हणजे आरजीबी चालू ठेवलंत तर एकसारखेपणा कधीच येणार नाही. सिनामनच्या फॉन्ट सिलेक्शनमध्ये अँटिअलायझिंग (अक्षरांच्या कडा मऊ करणं) ग्रेस्केल आणि हिंटिंग स्लाइट करा, फॉन्ट्स.कॉन्फमध्येही आरजीबीए नन लिहा. अक्षरं किंचित मऊ वाटतील, पण सगळीकडे सारखी.

शिरोरेषेचं कारण खोल आहे. स्लाइटमध्ये ट्रूटाइप फॉन्टच्या स्वतःच्या सूचना बाजूला पडतात आणि फ्रीटाइप (अक्षरं पिक्सेलमध्ये काढणारी लायब्ररी) हिचा ऑटोहिंटर काम करतो, तोही फक्त उभ्या दिशेने. सुटी अक्षरं तो ओळखतो आणि त्यांची शिरोरेषा पिक्सेलच्या ओळीवर बसवतो. जोडाक्षरांना युनिकोडचा स्वतंत्र क्रमांक नसतो. फ्रीटाइप हार्फबझ या जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीशिवाय बांधलेलं असेल तर ती कुठल्या लिपीची हे त्याला कळत नाही, ती हिंटिंगविना राहतात आणि रेषा सरकते.

ज्या फॉन्टात स्वतःचं हिंटिंग आहे त्याच्यासाठी फॉन्ट्स.कॉन्फमध्ये मॅच टार्गेट "फॉन्ट" घेऊन, फॅमिलीचं नाव देऊन, ऑटोहिंट फॉल्स आणि हिंटस्टाइल हिंटफुल लिहा. टार्गेट "पॅटर्न" नको, फॉन्ट ठरल्यानंतरचा नियम हवा. फॉन्टात हिंटिंग नसेल तर त्याच जागी हिंटनन द्या: शिरोरेषा थोडी पसरट दिसेल, पण सलग राहील. १३६६ रुंदीच्या पडद्यावर १० पॉइंटऐवजी ११ घेतलात तर हा फरक आणखी कमी जाणवतो.

रावपुरा_टंक:
मोठ्या मॉनिटरवर फ्रॅक्शनल स्केलिंग (१२५ टक्क्यांसारखं अपूर्णांकी मोठं करणं) लावू नका. एक्स-११वर सगळं चित्र मोठं काढून मग दाबलं जातं आणि अक्षर पुसट होतं. लॅपटॉप साधारण १०० डीपीआय (दर इंची पिक्सेल), मॉनिटर ९२, दोन्ही नेहमीच्या ९६च्या जवळच, त्यामुळे स्केल १०० टक्के ठेवून लागलंच तर टेक्स्ट स्केलिंग १.१ करा. एवढ्यावरही मॉनिटरवरच धूसर दिसत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन लॅपटॉपच्या पडद्यावर पाहा. तिथे तो स्वच्छ दिसला तर फॉन्टला हात लावू नका, मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरस्कॅन आणि शार्पनेस तपासा.